मॉडेल ट्रेनचा छंद : शेलू स्टेशन घरात मावेल का?

या छंदात नव्याने आलात आणि आपली ओळख करून दिलीत, की जुने छांदिष्ट लगेच विचारतात: कोणत्या स्केलमध्ये? स्केल म्हणजे खरी गाडी किती पट लहान केली ते प्रमाण. एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०.

समजा, तुम्ही वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलूत राहता आणि आपलंच स्टेशन करायचं ठरवलंत. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब. एचओमध्ये ती जवळपास ३ मीटर भरते, म्हणजे दहा फुटी खोलीची अख्खी भिंत गेली आणि वळणाला जागाच नाही. एनमध्ये दीड मीटरच्या थोडी वर. (चार डबे जोडून त्यालाच लोकल म्हणणारेही आहेत. चालतं.)

दुसरी अडचण रुळांची. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं, कारण ते १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून बेतलेलं आहे. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिमी, हिशोबाने १९.३ हवं. बरेच जण १६.५ वरच भागवतात.

नवख्याला आमच्या मते शेजारची नेरळ-माथेरान लाइन जास्त सोयीची. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचं गेज ६१० मिमी, गाडी छोटी, वळणं तीव्र. एचओच्या प्रमाणातली अशी गाडी एनच्या ९ मिमी रुळांवर चालवता येते. काटेकोर हिशोब ७ चा आहे.

पैसे घालण्याआधी पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून या. भाऊ जोशींचं हे काम १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे.