सहचरांची वाट

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील पीटरमॅरिट्झबर्ग हे नगर भारतीय वाचकाला परिचित आहे ते एका अपमानाच्या निमित्ताने. १८९३ च्या जून महिन्यातील एका थंडगार रात्री मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टराला तेथील स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविण्यात आले, आणि त्या घटनेचे पडसाद पुढे दोन खंडांच्या इतिहासात उमटत राहिले. परंतु समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटर उंचीवर वसलेल्या या नगरापासून हिंदी महासागराच्या काठावरील डर्बन बंदरापर्यंत डोंगर चढत-उतरत जाणारा जो जुना रस्ता आहे, त्यालाही स्वतःचा असा स्वतंत्र इतिहास आहे. सुमारे ९० किलोमीटरांच्या या रस्त्यावर १९२१ पासून, महायुद्धाची आणि महामारीची काही वर्षे वगळता, दरवर्षी सहस्रावधी पावले धावत आली आहेत. कॉम्रेड्स मॅरेथॉन या नावाने ही शर्यत सर्व जगाला ठाऊक आहे. तिचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावळीतून सांगितला जातो. मला मात्र त्या इतिहासाचे मर्म त्या नामावळीत सापडत नाही. दुखावलेल्या पायाने, आपल्या जोडीदाराच्या बरोबरीने, मुदत संपण्यापूर्वी कसाबसा शेवटच्या रेषेपर्यंत पोचणारा जो अप्रसिद्ध धावक असतो, त्याच्या ठायी ते अधिक स्पष्टपणे दिसते, अशी माझी धारणा आहे.

या शर्यतीचा जनक व्हिक क्लॅफम हा पेशाने आगगाडीच्या इंजिनाचा चालक होता. लंडनमध्ये जन्मलेला आणि बालपणीच आईबापांसह आफ्रिकेत आलेला हा मनुष्य बोअर युद्धाच्या वेळी, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, रुग्णवाहक पथकात दाखल झाला. आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर आठव्या दक्षिण आफ्रिकी पायदळात शिपाई म्हणून जर्मन पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला. त्या मोहिमेत त्याच्या तुकडीने सुमारे २,७०० किलोमीटरांची पायपीट केली. उष्णता, तहान आणि हिवताप यांनी जर्जर झालेले ते शिपाई बहुतांशी काल-परवापर्यंत कचेरीत बसून काम करणारे सामान्य नागरिक होते. आणि तरीही एकमेकांच्या आधाराने ते चालत राहिले. युद्धावरून परतल्यावर दिवंगत सोबत्यांचे स्मारक कोणत्या रूपाने करावे, असा विचार क्लॅफमच्या मनात घोळू लागला, तेव्हा त्याला दगडाचा स्तंभ पुरेसा वाटला नाही. ज्या क्लेशांतून ते सोबती गेले, त्या क्लेशांचीच सौम्य आवृत्ती दरवर्षी स्वेच्छेने अंगावर घ्यावी, हेच त्याला खरे स्मारक वाटले.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघाकडे त्याने १९१८ साली आपली दरखास्त सादर केली. ती नामंजूर झाली. पुढील दोन वर्षीही तिची तीच गत झाली. इतके अंतर माणसाने धावत कापणे हे वेडेपणाचे आहे, असेच कारभाऱ्यांचे मत होते. अखेर १९२१ मध्ये संघाने मंजुरी दिली, आणि खर्चासाठी एक पौंड दिला, तोही परतफेडीच्या बोलीवर. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गच्या नगरभवनासमोरून ३४ जण निघाले आणि त्यांपैकी १६ जण डर्बनला पोचले. पहिला आलेला बिल रोवन हा ८ तास ५९ मिनिटांनी पोचला. दुसऱ्या वर्षी शर्यतीची दिशा उलटी करण्यात आली, आणि तेव्हापासून बहुधा एक वर्ष चढाचे, एक वर्ष उताराचे, असा परिपाठ रूढ झाला.

त्या दुसऱ्या वर्षीचा विजेता आर्थर न्यूटन हा हार्डिंगजवळचा शेतकरी होता. सरकारच्या जमीनविषयक धोरणाने आपल्यावर अन्याय झाला आहे, आणि आपली कैफियत ऐकून घ्यायला लावायची तर आधी आपल्या नावाची सर्वत्र चर्चा व्हायला हवी, अशा विचाराने चाळिशीच्या उंबरठ्यावर तो धावू लागला. त्याने ही शर्यत पाच वेळा जिंकली, आणि संथ गतीने पुष्कळ धावण्याची जी पद्धत त्याने स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केली, ती आजच्या दीर्घ पल्ल्याच्या साधनेचा पाया मानली जाते. डोंगराच्या कडेला कोरलेला एक कोनाडा ‘आर्थरची बैठक’ म्हणून दाखवितात. तेथून जाताना त्याला सुप्रभात म्हणून फूल वाहिल्यास उरलेली वाट सुखाची होते, अशी धावकांची श्रद्धा आहे. त्याच १९२२ च्या शर्यतीत बिल पेन नावाचा, पुढे देशाच्या संघातून खेळलेला रग्बीपटू रग्बीचेच बूट घालून धावला, वाटेत थांबून त्याने मनसोक्त खाणेपिणे केले, आणि पायांना फोड आले असतानाही आठव्या क्रमांकाने शर्यत पुरी केली. शर्यत जिंकणाऱ्याबरोबरच ती दुखऱ्या पायांनी पुरी करणाऱ्याचीही स्मृती जपण्याची रीत अशी आरंभापासूनच पडली.

परंतु या सोबतीच्या वर्तुळात प्रारंभी सर्वांना प्रवेश नव्हता. स्त्रीने शर्यतीत रीतसर नाव नोंदवावे, ही मुभाच नव्हती. पुरुषाने धावावे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून पाणी देणे, पाय चोळणे, धीर देणे ही कामे आप्तेष्टांनी करावीत, अशी ती रचना होती. आणि त्या आप्तेष्टांत पत्नीचे स्थान ओघानेच येई. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीने अर्ज केला. तो फेटाळला गेला. तरीही ती निघाली, आणि ११ तास ३५ मिनिटांत तिने अंतर पुरे केले. पदक तिला मिळणे शक्यच नव्हते. परंतु प्रेक्षकांनी आणि सहधावकांनी वर्गणी जमवून तिला चांदीचा चहाचा संच आणि पुष्पपात्र भेट दिले. अधिकृत दप्तराने जे नाकारले ते रस्त्याने दिले, असा हा प्रसंग आहे. पुढे १९३१ पासून सलग तीन वर्षे जेराल्डीन वॉटसन धावली, १९६५ मध्ये मेव्हिस हचिसन धावली; नोंदवहीत मात्र त्यांची जागा रिकामीच राहिली. वर्णाच्या बाबतीतही हेच घडले. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली या कृष्णवर्णीय धावकाने साडेनऊ तासांत शर्यत पुरी केली, पण त्याची गणना झाली नाही.

हे दोन्ही दरवाजे उघडले ते १९७५ साली, शर्यतीच्या पन्नासाव्या पर्वात. त्या वर्षी लेसोथोचा व्हिन्सेंट राकाबेले विसावा आला आणि अधिकृत पदकाचा मानकरी ठरला. एलिझाबेथ कॅव्हानॉ ही पहिली अधिकृत महिला विजेती ठरली. राजवटीचे वर्णद्वेषी कायदे अर्थातच शर्यतीबाहेर तसेच चालू होते, आणि म्हणूनच १९८१ मध्ये, प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाशी शर्यतीची सांगड घातली गेली तेव्हा, ब्रूस फोर्डाइस आणि काही सहकारी निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून धावले. फोर्डाइसने ती शर्यत जिंकली, आणि पुढे आणखी आठ वेळा जिंकली. १९८९ साली सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला. पती आणि पत्नी या दोघांनीही छातीवर क्रमांक लावून एकाच रेषेवरून निघावे, ही आज अगदी स्वाभाविक वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात येण्यास शर्यतीच्या जन्मापासून ५४ वर्षे लागली, याचा विसर पडू नये.

या शर्यतीचा खरा शास्ता म्हणजे तिची मुदत. १९२८ साली ती १२ तासांवरून ११ वर आणण्यात आली, आणि २००३ पासून ती पुन्हा १२ तासांची झाली. मुदत संपण्याच्या क्षणी पंच अंतिम रेषेकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी की, दोन पावलांवर येऊन ठेपलेल्या माणसाचा चेहरा पाहून त्याच्या मनात दया उत्पन्न होऊ नये. त्या बारानंतर आलेल्याला पदक नाही आणि नोंदही नाही. पाच वेळचा विजेता वॉली हेवर्ड १९८९ साली ऐंशीव्या वर्षी पुन्हा धावला, आणि ११ तासांच्या मुदतीला दोन मिनिटेदेखील उरली नव्हती तेव्हा अडखळत आत आला. त्याच्या तरुणपणीच्या विजयांइतकीच ती अखेरची दोन मिनिटे लोकांना आठवतात.

पाय दुखावतो कसा, हे समजण्यासाठी या रस्त्याची प्रकृती समजून घ्यायला हवी. कौईज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स या पाच टेकड्यांची नावे धावकांना पाठ असतात. चढाच्या वर्षी दमसास पणाला लागतो; उताराच्या वर्षी मांडीचे स्नायू. नवख्याला उतार सोपा वाटतो, परंतु उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा सारा भार रोखून धरावा लागतो, आणि सहस्रावधी पावलांनंतर त्यांचे तंतू सूक्ष्मपणे फाटू लागतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारा पट्टा घासून सुजला की प्रत्येक पावलाला सुरी टोचल्यासारखी कळ येते. फील्ड्स टेकडीचा लांबलचक उतार उतरून पाइनटाउनच्या सपाटीवर येईपर्यंत कित्येकांचे गुडघे दगा देतात, आणि त्या जागी अजून सुमारे २० किलोमीटर उरलेले असतात.

अशा ठिकाणी एखाद्या दांपत्याची कल्पना करावी. दोघांपैकी एकाचा गुडघा बांधलेला आहे, आणि हाताशी ३ तास आहेत. भरभर चालत गेले तर एका किलोमीटरला १० मिनिटे, म्हणजे २०० मिनिटे लागणार. हाती आहेत १८०. वीस मिनिटांची ही तूट धावूनच भरून काढायला हवी, आणि समोर कौईज टेकडीचा चढ आहे. ज्याचा पाय शाबूत आहे त्याला पुढे निघून जाणे सहज शक्य असते, आणि तसे कर म्हणून दुखावलेला जोडीदार विनवीतही असतो. तरीही दुसरा थांबतो. मग चढ चालत, सपाटी रखडत धावत, या खांबापासून त्या खांबापर्यंत धाव आणि पुढचे दोन खांब चाल, असा हिशेब सुरू होतो. एकाने घड्याळ पाहायचे आणि दुसऱ्याने केवळ पुढचे पाऊल, अशी कामाची वाटणी होते. याआधीच वाटेत इथेम्बेनी या अपंग व अंध मुलांच्या शाळेतील मुले रस्त्यालगत बसून धावकांच्या हाताला हात लावीत असतात; तो स्पर्श घेऊन आलेल्याला आपल्या गुडघ्याविषयी फारसे बोलावेसे वाटत नाही.

येथे एका धोक्याचीही जाणीव ठेवली पाहिजे. दुखणे सोसणे आणि शरीराचा नाश ओढवून घेणे यांत सीमारेषा आहे. हाडाला तडा गेला असेल, लघवी गडद तपकिरी होऊ लागली असेल, भान हरपू लागले असेल, तर थांबणे हेच शहाणपण. वेदनाशामक गोळ्या घेऊन रेटत राहण्याने मूत्रपिंडांवर घाला येतो, आणि तहानेहून अधिक पाणी पीत राहण्यानेही रक्तातील क्षाराचे प्रमाण घटून प्राणावर बेतू शकते, हे टिम नोक्स यांच्यासारख्या तेथीलच वैद्यकतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. थकलेल्या धावकाला स्वतःचा निवाडा स्वतः करता येत नाही. अनेक वर्षे एका घरात काढल्यामुळे त्याचे नेहमीचे कुरकुरणे कोणते आणि खरे संकट कोणते, हे ज्याला चेहऱ्यावरून ओळखता येते, तो जोडीदारच त्या वेळी खरा वैद्य असतो. ‘चल’ म्हणण्याइतकाच ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. आणि त्याने तो बजावला तर, माझ्या मते, ती शर्यत हरली असे म्हणता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत या शर्यतीस जाणाऱ्या परदेशी धावकांत भारतीयांची संख्या मोठी असते, आणि त्यांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, सातारा येथील स्त्री-पुरुष लक्षणीय असतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा पुण्याच्या सिंहगडाच्या वाटेवर पहाटे सराव करणाऱ्यांत पतिपत्नींच्या जोड्याही असतात. आळंदीहून पंढरपूरपर्यंत जोडीने चालत जाण्याची परंपरा ज्या भूमीत शतकानुशतके नांदली, तेथील माणसांना पाय दुखतो म्हणून सोबत सोडायची नसते, हे शिकवावे लागत नाही. मात्र वारीत विठ्ठल कोणाच्या तोंडावर दार लावीत नाही. इथे बार उडतो, आणि म्हणून इथल्या सोबतीला निराळीच धार चढते. थांबणाऱ्याला आपले स्वतःचे पदक पणाला लावावे लागते.

क्लॅफमला जे स्मारक अभिप्रेत होते ते यातच आहे. पूर्व आफ्रिकेच्या रानात तापाने फणफणलेल्या सोबत्याला सोडून जो शिपाई पुढे गेला नाही, त्याचे स्मरण सहा तासांच्या आत अंतर कापणाऱ्या विजेत्याच्या वेगातून होईलच असे नाही; वेगाची थोरवी निराळी, आणि ती आम्हांला मान्यच आहे. परंतु बाराव्या तासात, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, अशा स्थितीत जे दांपत्य रेषा ओलांडते, ते त्या जुन्या शिपायांच्या अधिक जवळचे असते. शर्यतीच्या चालकांनी पत्नीला सोबती मानण्यास अर्धशतकाहून अधिक काळ घेतला. तिला तो मान मिळाल्यावर तिने आणि तिच्या पतीने मिळून मूळ संकल्पनेलाच पूर्णत्व आणले. म्हणून या रस्त्याचा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाल्यास त्यात विजेत्यांच्या यादीबरोबर शेवटच्या तासातील या जोड्यांनाही मानाचे स्थान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.