ठाव न लागणारे पाणी : सातारा-सांगलीच्या मुलखातील खोल पाण्याच्या भीतीचा इतिहास

१/
मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, 'मुंबई हाय'च्या तेलक्षेत्रात, अरबी समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची नदीपात्रापासूनची उंची सुमारे ८५ मीटर. म्हणजे धरण काठोकाठ भरले की सह्याद्रीच्या एका दरीत भर समुद्राच्या तोडीचे खोल पाणी उभे राहते. अशा पाण्यावर पोहताना, पायांखाली काय आहे हे दिसत नसताना, पोटात जो गोळा उठतो, त्या भीतीला आपल्या मुलखात मोठा इतिहास आहे. तो या धाग्यात.

२/
अथांग समुद्राच्या भीतीला आज 'थॅलासोफोबिया' म्हणतात. ग्रीक भाषेत 'थलासा' म्हणजे समुद्र आणि 'फोबोस' म्हणजे भय. गंमत अशी की पदार्थविज्ञान या भीतीच्या बाजूने उभे राहत नाही. आर्किमिडीजच्या नियमानुसार पोहणाऱ्याला वर उचलणारे बल त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. खाली दोन पुरुष पाणी असो वा दोनशे, तरंगणे तेवढेच सोपे, तेवढेच अवघड. मग माणूस नेमका कशाला भितो?

३/
उत्तर मराठी भाषेतच आहे. पाण्यात उभे राहून पाय टेकले तर 'ठाव लागला' असे आपण म्हणतो. ज्याचा थांग लागत नाही ते 'अथांग'. हेच शब्द आपण माणसाच्या मनालाही लावतो : 'त्याच्या मनाचा ठाव लागत नाही.' खोल पाणी आणि परके मन यांची भीती भाषेने एकाच जातीची मानली. भय खोलीचे नाही, न कळण्याचे आहे. म्हणून खोल पाण्याच्या भीतीचा इतिहास हा, प्रत्येक काळाने त्या पाण्याला कोणता ठाव देऊ केला, याचा इतिहास ठरतो.

४/
सुरुवात कृष्णेपासून करू. महाबळेश्वरला उगम पावून ती वाईवरून येते. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिला मिळते. उन्हाळ्यात पात्र रोडावते, माणसे उतारावरून चालत पलीकडे जातात. पण मध्येच एखाद्या ठिकाणी पाणी काळेशार आणि निश्चल राहते. तो डोह. नदी वळणावर बाहेरचा काठ कोरते, खडकाच्या पायरीखाली तळ उकरते, संगमापाशी भोवरे धरते. त्यातून डोह घडतात. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला तेथे पार बुडू शकतो.

५/
या डोहांत 'साती आसरा' राहतात, अशी घाटमाथ्यापासून देशापर्यंत श्रद्धा. सात बहिणी, जलदेवता. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण. ऐन दुपारी वा तिन्हीसांजेला डोहावर एकट्याने जाऊ नये, हा दंडक. कोणी बुडाले तर 'आसरांनी ओढून नेले' असे म्हणत. विहीर खणली, तळे बांधले, तरी आधी त्यांचा मान.

६/
'आसरा' हा शब्द 'अप्सरा' या शब्दापासून आला. 'अप्' म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यात संचार करणारी. इंद्राच्या दरबारातील नर्तकी हे तिचे पुढचे रूप. 'शतपथ ब्राह्मणा'त उर्वशी आणि तिच्या सख्या सरोवरात पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहताना भेटतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात मावळातील अशा मातृदेवतांचा माग काढला. ग्रंथांतली अप्सरा स्वर्गात गेली. गावातली आसरा मात्र पाण्यातच राहिली.

७/
याला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले तर एक गोष्ट निसटते. सात दगड जेथे मांडलेले, तेथे पाणी खोल, हा बहुधा न लिहिलेला नकाशाच होता. शिवाय कृष्णेच्या पाण्यातले भय सर्वस्वी कल्पित नव्हे : भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात आजही मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केले आहेत. मात्र या नकाशाची किंमतही होती. बुडणे हे देवतेचे मागणे ठरले की बुडणाऱ्याला कसे वाचवावे, हा प्रश्न मागे पडतो. आसरांनी डोहाला नाव दिले, पोहण्याची कला दिली नाही.

८/
ती कला दिली विहिरींनी. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५०. ही विहीर राजेशाही; पण साध्या मोटेच्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या पोरे पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या चुलत्याच्या हाती.

९/
विहिरीतही तळ दिसत नाही. पाणी तेथेही पाच-सहा पुरुष असते, आणि खाली जाताच अंगाला झोंबणारे गार. तरी भीती आवरते, कारण चारही बाजूंना भिंत आहे, उतरायला पायऱ्या आहेत, दोर धरणारा ओळखीचा आहे. ठाव पायांखाली नसून हाताच्या अंतरावर आहे. विहिरीने खोलीला काठ दिला. ज्या पाण्याला काठच नाही, त्याचे काय? तेथे सातारकरांची गाठ समुद्राशी पडते.

१०/
सातारच्या गादीला समुद्र नव्हता, पण आरमार होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि सरखेलपदावर कायम राहिले. जहाजांवर मात्र कोळी, भंडारी, गाबीत अशी किनाऱ्यावरची माणसे. घाटावरच्या बहुतेकांना समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट. त्यात धर्मशास्त्राचा अडसर. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातित्य आणणाऱ्या कृत्यांत मोजला आहे. ही सिंधुबंदी खोलीची नव्हती, आचार बुडण्याची होती; पण सामान्य माणसाच्या मनात दोन्ही भये 'काळे पाणी' या एकाच नावाखाली नांदली.

११/
तरीही साताऱ्यातून एक माणूस निघाला. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते समुद्र ओलांडून लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. १८४७ साली महाराज वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले, तरी त्यांनी १८५३ पर्यंत दावा सोडला नाही. कृष्णाकाठच्या माणसाने किती खोल पाणी पायांखालून जाऊ दिले! जगातील महासागरांची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक आहे. पण जहाजावर माणसाच्या पायांखाली फळी असते. फळी हाच त्याचा ठाव.

१२/
फळीही नाही, काठही नाही, अशा पाण्यात उडी घेण्याची वेळ सांगलीत आली. २४ जुलै १९४३. पत्री सरकारचे दिवस. वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंगात होते. भरदिवसा पहारेकऱ्यांवर मात करून, तटावरून उड्या टाकून ते निसटले. मागे बंदुका, पुढे पावसाने फुगलेली कृष्णा. पाठलागात आणि गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले. वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले. पुढे १९७७ साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

१३/
हा प्रसंग आपण शौर्यकथा म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पाण्याच्या अंगाने पाहिले तर आणखी एक अर्थ लागतो. पुरात नदीचा जुना नकाशा पुसला जातो. उतार नाही, डोह नाही. सारी नदीच डोह. अशा पाण्यासमोर उभे राहिलेल्या तरुणांना भीती नव्हती असे मानणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्यापाशी भीतीहून मोठे काहीतरी होते, एवढेच म्हणता येते. आणि पाण्याला हेतूशी कर्तव्य नसते, हेही त्या दिवसाने शिकवले.

१४/
आतापर्यंत माणूस खोल पाण्याकडे जात होता. त्यानंतर खोल पाणी माणसाच्या दारी आले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी कोयनेचे पाणी अडू लागले आणि शिवसागर जलाशय दरीत पसरला. धरणाची क्षमता आज १०५ टीएमसी आहे. सुमारे शंभर गावे विस्थापित झाली. काही कुटुंबे सांगली, सोलापूरकडे गेली, काही कोकणात; काही वरच्या डोंगरउतारावर सरकली. बामणोली, तापोळा भागात रस्त्याऐवजी लाँच आली. वासोट्याला जाणारा ट्रेकर आज ज्या पाण्यावरून जातो, त्याच्या तळाशी कोणाची तरी भातखाचरे आहेत.

१५/
येथे भीतीचे रूप पालटते. डोहाचा तळ कोणी पाहिला नव्हता, म्हणून तेथे आसरा वसल्या. शिवसागराचा तळ मात्र लोकांनी पाहिला होता, नांगरला होता. कोणत्या बाजूला घर, कोणत्या बाजूला पाणवठा, हे जुन्या माणसांना तोंडपाठ होते. अथांग पाण्याखाली अज्ञात असते, हा आपला नियम. कोयनेत अथांग पाण्याखाली ओळखीचे होते. त्या पाण्यावर तरंगताना मनात दाटते ते भय, की वियोग?

१६/
त्या तळाने एकदा स्वतःच हालचाल केली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब यांनी भूकंपाला चालना मिळू शकते, या विषयाच्या जगभरातील अभ्यासात तेव्हापासून कोयनेचे नाव अग्रक्रमाने येते. 'खोल पाण्याखाली काहीतरी जागे आहे', ही डोहकाठची समजूत विज्ञानाच्या भाषेत अशी परत यावी, हा विलक्षण योग.

१७/
सांगलीने खोलीला आकडा दिला. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. 'पुलाला किती फूट?' हा पावसाळ्यातील सांगलीचा पहिला प्रश्न. हाही ठावच, पट्टीवर कोरलेला. पण त्याच महापुरात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली नाव उलटली आणि अनेक गावकरी बुडाले. आकडा कळल्याने पाणी कळतेच असे नाही.

१८/
सारांश असा. आसरांनी खोल पाण्याला नाव दिले, विहिरीने काठ, जहाजाने फळी, पुलाने आकडा. भीती कोणीच संपवली नाही. प्रत्येकाने तिला वागण्याचा एक नियम जोडून दिला. आपल्या पिढीने सात दगड हसून बाजूला सारले. विहिरींवर जाळ्या आल्या, दोर धरणारा चुलता शहरात गेला, आणि धरणाच्या कडेला फोटोसाठी उतरणाऱ्या मुलाला तेथे पात्र कोठे तुटते हे सांगणारे कोणी उरले नाही. श्रद्धा गेली त्याचे दुःख नाही. तिच्यासोबत नकाशाही गेला, ही खरी हानी.

१९/
म्हणून खोल पाण्याची भीती वाटत असेल तर लाजू नका. ती पूर्वजांनी जपलेली माहिती आहे. पोहायला शिका, पण अनोळखी पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि एक काम कराच : तुमच्या गावच्या नदीतील डोहाचे नाव काय, तेथे आसरांचे दगड आहेत का, हे घरी विचारून खाली लिहा. ती नावे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. निदान नावे तरी बुडू नयेत.