भरती कोणाच्या हातात? गिरणीतला जॉबर ते कंपनीतला एचआर

‘आमच्याकडे जात वगैरे काही नसते, आम्ही फक्त मेरिट बघतो.’ खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. आमचा प्रश्न साधा आहे. मेरिट बघणारा कोण? त्याला त्या खुर्चीत कोणी बसवले? माणसे निवडणे, कामावर नेमणे, बढती देणे, काढून टाकणे या सगळ्याला आज ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. या विषयाचा इतिहास सांगताना अमेरिका-इंग्लंडच्या कारखान्यांची उदाहरणे दिली जातात. आपल्याला मात्र तो परळ-लालबागच्या गिरण्यांपासून वाचायला हवा.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली उभी राहू लागली. पुढच्या काही दशकांत हजारो माणसे कोकणातून आणि देशावरून गिरणगावात आली. मालक त्यांना ओळखत नव्हता, मॅनेजरला त्यांची भाषा येत नव्हती. मग भरती सोपवली गेली जॉबरकडे. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. सकाळी गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगारांपैकी आज कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. त्यासाठी तो दस्तुरी घेई, अडल्यानडल्याला व्याजाने पैसे देई, खोली मिळवून देई. आणि माणसे आणताना तो आणी आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची. म्हणजे आधुनिक यंत्र विलायतेहून आले, पण त्या यंत्रापुढे कोण उभा राहणार हे गावकीच्या हिशोबाने ठरू लागले.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा म्हणजे विणकाम खाते. तिथे उक्त्या दराने मजुरी मिळे आणि चांगला विणकर इतर खात्यांतल्या कामगारापेक्षा बराच जास्त कमावी. पण धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. तेवढ्यावर आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद झाले. ती कमी पगाराच्या सूतकताई खात्यात आणि झाडलोटीच्या कामात राहिली. तोंड न लावता धागा ओवता येणारे धोटे त्या काळी जगात होते. पण मालकाला खर्च नको होता आणि कामगाराला विटाळ नको होता. दोघांचे जमले, किंमत आपण मोजली.

1928 च्या मोठ्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगारांना विणकामासह सर्व खाती खुली करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मान्य केली. मालकांनी त्यावर हात झटकले: हा अन्याय आम्ही केलेला नाही, तुमच्याच कामगारांनी केला आहे. या उत्तरात अर्धे सत्य होते, म्हणून ते जास्त चलाख होते. मजुरी कमी करताना मालक कामगारांची संमती विचारत नव्हते. विटाळाच्या बाबतीत मात्र त्यांना कामगारांच्या भावनांची आठवण झाली!

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची मांडणी तिथलीच. ती घोषणा आपल्याला पाठ असते. तिच्यामागचा तपशील आपण विसरतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून जन्म काढतो, पण हमाल होऊ शकत नाही. कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरीही राबावे लागते आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्येही तीच गत, गिरणीतही तीच. म्हणजे बाबासाहेब भाषणात पदांची यादी वाचून दाखवत होते: कोण कुठल्या पदावर आहे, कुठे अडला आहे, कोणी अडवला आहे.

जॉबरशाहीची दखल सरकारनेही घेतली होती. शाही मजूर आयोगाने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा असे सुचवले. पुढे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने 500 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजचा एचआर याच परंपरेतला. लाचेला आळा बसावा म्हणून अधिकारी आला. पण त्या अधिकाऱ्याच्या मनातली जात तपासायची व्यवस्था कोणी केली नाही.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि 1943 साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. 1946 साली हे प्रमाण 12.5 टक्के झाले. मजूर खात्याच्याच कारभारात 1945 साली सेवायोजन कार्यालये उभी राहिली. नेमणारा माणूस चांगला निघेल या आशेवर बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या हाताला नियम बांधला.

आणि पळवाट कुठे राहिली? 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे भाग पाडले. पण तिथूनच माणूस घ्या, असे बंधन घातले नाही. कळवा, आणि घ्या आपलाच! 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण अर्जाच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. आडनाव वाचणारा डोळा गेटवरच्या जॉबरचाच आहे, आता तो एसीत बसतो. ‘ओळखीतून कोणी असेल तर सांगा’ हे त्याचे धोरण आणि ‘फॅमिली बॅकग्राउंड काय?’ हा त्याचा प्रश्न.

म्हणून मित्रांनो, ‘खाजगीकरण बंद करा’ एवढी घोषणा देऊन भागणार नाही. कंपनीत कोण कुठल्या पदावर आहे याची जातनिहाय आकडेवारी जाहीर करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. सार्वजनिक पैसा, जमीन आणि करसवलत घेणाऱ्यांपासून सुरुवात करा. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी कामगार कायदा आणि एचआर हे विषय निवडावेत. निवड करणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला आपण असायलाच हवे.

आणि हाच नियम आपल्या संघटनांनाही लावू या. पदे कोण वाटतो? कुठल्या नियमाने? बायका कार्यकारिणीत आहेत की फक्त मोर्चात? 1956 साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारी शाळा सुरू केली. कार्यकर्ता नेत्याच्या मर्जीने मोठा होऊ नये, शिकून तयार व्हावा, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आपल्या चळवळीत जॉबर तयार होत असतील, तर कंपनीच्या जॉबरला जाब विचारायचे बळ आपल्यात येणार कुठून?

जय भीम!