समुद्रकाठचे घर : हौस, हिशेब आणि भरतीरेषा

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या दिशेने निघाले, की आवास, सासवणे, किहीम, थळ ही गावे एकामागून एक लागतात. अष्टागराच्या या पट्ट्यात पूर्वी नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या आडोशाला वसलेली कौलारू घरे एवढेच दृश्य असे. आता अनेक ठिकाणी वाडीच्या जागी उंच गडगे आणि त्यांमागे मुंबईकरांचे बंगले उभे आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली व मोटारीसह खाडीपलीकडे जाणे सोपे झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. दळणवळणाच्या अशा प्रत्येक सोयीबरोबर, किंबहुना तिच्या नुसत्या घोषणेबरोबरही, या पट्ट्यातील जमिनीचे भाव चढत गेले. शहरातील राहत्या घराचे हप्ते फिटले, की पुढची स्वप्नपूर्ती म्हणून समुद्रकाठच्या घराकडे पाहणारा मोठा वर्ग निर्माण झाला आहे. परंतु या घरासाठी मोजावी लागणारी किंमत आणि त्यातून मिळणारे सुख यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न व्यवहार पुरा होईपर्यंत सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गफलत हटकून होते. जमीन आणि घर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे विसरले जाते. समुद्रालगतच्या जमिनीचा पुरवठा मर्यादित असल्याने तिचे मूल्य दीर्घकाळात वाढण्याची शक्यता असते. तिच्यावरील घर मात्र पहिल्या दिवसापासून झिजत असते आणि समुद्राजवळ ते देशावरच्या घरापेक्षा कितीतरी वेगाने झिजते. ‘दहा वर्षांत किंमत दुप्पट झाली’ असे जे सांगितले जाते ते जमिनीविषयी असते. घराच्या झिजेचा खर्च त्या वाक्यात धरलेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, जमीन आणि बांधकाम मिळून घराला २ कोटी रुपये लागले. हीच रक्कम साडेसहा टक्क्यांनी मुदतठेवीत ठेवली असती, तर करपूर्व व्याज वर्षाला १३ लाख रुपये आले असते. माळी-रखवालदाराचा पगार, वीज, घरपट्टी, रंगरंगोटी आणि दुरुस्ती यांपोटी वर्षाला ४ लाख रुपये धरू. म्हणजे हे घर राखण्याची वार्षिक किंमत १७ लाख रुपये झाली. कुटुंब वर्षातून ५० दिवस तेथे राहिले, तर एका दिवसाचा खर्च ३४ हजार रुपये पडतो. मालमत्तेचे मूल्य दरसाल पाच टक्क्यांनी वाढते असे मानून १० लाख रुपये वजा केले, तरी दिवसाला १४ हजार उरतातच. आणि ती वाढ घर विकेपर्यंत केवळ कागदावरची असते. तेच कुटुंब २०० दिवस राहिले, तर हा आकडा साडेतीन हजारांवर येतो. घर महाग की स्वस्त, हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट खरेदीची किंमत नसून मुक्कामाचे दिवस ही आहे, हे यावरून ध्यानात यावे. खरेदीच्या वेळी महिन्यातून दोनदा येण्याचे बेत असतात. मुलांची दहावी-बारावी आली, की दोनाचा एक आणि एकाचा शून्य होण्यास वेळ लागत नाही.

घर भाड्याने देऊन हा खर्च भरून काढता येईल, असा युक्तिवाद केला जातो. शासनाच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची वानवा नसते. तथापि, ज्या शनिवार-रविवारी पाहुणे येऊ इच्छितात, नेमके तेच दिवस मालकालाही हवे असतात. शिवाय पाहुण्यांची व्यवस्था पाहणारे विश्वासू माणूस गावात असावे लागते. ज्यांना असे माणूस लाभले त्यांचे गणित जमते; इतरांच्या बाबतीत घराची झीज तेवढी वाढते.

या झिजेचे मूळ खाऱ्या हवेत आहे. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतील क्षार भिंती, सळ्या, बिजागऱ्या, विजेची जोडणी अशा सर्व ठिकाणी साचतात. काँक्रीटमधील सळीभोवती सिमेंटच्या अल्कधर्मामुळे एक संरक्षक थर तयार झालेला असतो. क्लोराइड सळीपर्यंत पोहोचले, की हा थर भेदला जातो व गंज धरू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीटला तडे जातात, पोपडे सुटतात आणि सळी उघडी पडते. एवढे झाल्यावर वरवर गिलावा करून रंग काढणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकात किनारी हवेत येणारे काँक्रीट ‘तीव्र’ आणि समुद्राचे तुषार थेट झेलणारे काँक्रीट ‘अतितीव्र’ वर्गात धरले आहे. पहिल्यासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट व सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण, तर दुसऱ्यासाठी एम ३५ आणि ५० मिलिमीटर असा दंडक आहे. सौम्य हवामानातील बांधकामाला एम २० आणि २० मिलिमीटर पुरतात. गावोगावी चालणाऱ्या बांधकामांत मात्र किनाऱ्यावरही शहरातल्याच मापाने आवरण ठेवले जाते. त्यात किनाऱ्यावरची वाळू किंवा मचूळ विहिरीचे पाणी वापरले गेले, तर क्षार बाहेरून येण्याची वाटही पाहावी लागत नाही. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे हेच मानक सांगते. पाण्याची ही तपासणी अल्प खर्चात होते, पण ती मागणारा ग्राहक विरळा. खिडक्यांचे ग्रील, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, पाण्याचा पंप यांचे आयुष्यही येथे कमी भरते. पोलादी वस्तू घ्यायच्याच असतील, तर नेहमीच्या ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील अधिक टिकते.

सुदैवाने हवेतील क्षारांचे प्रमाण समुद्रापासून दूर जाताना झपाट्याने घटते. पहिल्या काही शे मीटरमध्येच मोठा फरक पडतो. समुद्रदर्शनी जागेसाठी चढा भाव देणारा ग्राहक घराची झीजही सर्वाधिक दराने विकत घेत असतो, असे म्हणता येईल. अर्धा-एक किलोमीटर आत, वाडीच्या आडोशाला असलेले घर स्वस्त मिळते, टिकते अधिक आणि सायंकाळी चालत पुळणीवर जाण्याचे सुखही हिरावत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असा भूजलशास्त्रातील परिचित नियम आहे. उपशामुळे पातळी एक मीटरने खाली गेली, तर खारे पाणी ४० मीटरने वर सरकू शकते. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ यांसाठी एका बंगल्यात कूपनलिका अहोरात्र चालली, की शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते. तेव्हा मालक टँकर मागवतो; वाडीवाल्याला ते परवडत नाही. समुद्रकाठच्या घराच्या किमतीचा हा भाग दुसऱ्याच्या खात्यावर पडतो आणि म्हणूनच तो कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

कायद्याची बाजू तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली. तिच्या जागी २०११ मध्ये आणि नंतर १८ जानेवारी २०१९ रोजी नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा जमिनीचा पट्टा सर्वसाधारणपणे या नियमनाखाली येतो. ग्रामीण भागात पूर्वी २०० मीटरपर्यंत ‘ना विकास क्षेत्र’ होते. २०१९ च्या अधिसूचनेने ज्या गावांत २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक आहे, तेथे ही मर्यादा ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीच्या गावांत ती २०० मीटर कायम राहिली. येथे भरतीरेषा म्हणजे जागा पाहायला गेलेल्या दिवशी लाट जेथे पोहोचली ती खूण नव्हे. अधिकृत संस्थांनी आखलेली व मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर दाखवलेली रेषाच ग्राह्य धरली जाते. दलालाने पावलांनी मोजून दाखवलेल्या अंतराला काडीचाही अर्थ नाही.

या नियमांचा भंग केवळ दंडावर निभावतो, हा समज दोन घटनांनी खोटा ठरवला आहे. पंजाब नॅशनल बँक प्रकरणातील आरोपी नीरव मोदी यांचा किहीम येथील बंगला जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी जमीनदोस्त केला. बांधकाम इतके भक्कम होते, की अखेर सुरुंग लावावे लागले. दुसरी घटना सामान्य खरेदीदाराने अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. केरळात कोचीजवळील मरडू येथे जलाशयाकाठचे चार निवासी प्रकल्प पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी ते पाडण्यात आले. तेथील रहिवाशांनी घरे रीतसर विकत घेतली होती आणि बांधकामाला स्थानिक ग्रामपंचायतीचा परवानाही होता. किनारा प्राधिकरणाची संमती मात्र नव्हती. प्रत्येक सदनिकाधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचे आदेश झाले; घर मात्र गेले.

याखेरीज जमिनीचे म्हणून असलेले पेच निराळेच. १९४८ च्या कूळ कायद्यातील कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकाच वाडीला पंधरा-वीस हिस्सेदार असणे नवलाचे नाही. त्यांपैकी कोणी बडोद्याला, कोणी परदेशात, तर कोणी निवर्तलेला असून वारसनोंद झालेली नसते. एक सही राहिली, तरी पुढची पिढी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने पत्रे आणि कौले उडवली, विजेचे खांब आडवे केले व रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या भागांतील हजारो माड-पोफळी मुळांसकट उपटल्या. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. टाळेबंदीचे दिवस असल्याने शहरातील अनेक मालकांना आपल्या घराचे काय झाले ते पाहायलाही जाता आले नाही. भक्कम बंगल्यांच्या भिंती तगल्या. ज्यांचे पोट पोफळीवर होते त्यांना मात्र नवी झाडे लावून उत्पन्नासाठी पाच-सात वर्षे थांबणे भाग पडले. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आणि त्यानंतर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ या वादळांनीही कोकणाला तडाखा दिला. विमा हा यावरील एक उपाय आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ व पुराचा समावेश आहे. परंतु संथ झीज आणि गंज यांची भरपाई कोणतीच घरविमा पॉलिसी देत नाही. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर त्यासंबंधीच्या अटी आधी वाचून घेणे इष्ट.

समुद्रही जागच्या जागी नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या पाहणीत देशाच्या सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत असल्याचे आढळले. जागतिक समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर या गतीने वाढली. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सपाट पुळणीवर उभ्या वाढीपेक्षा आडवे आक्रमण कितीतरी अधिक असते आणि गृहकर्जाची मुदत वीस वर्षांची असते.

मग असे घर कोणी घ्यावे? निवृत्तीनंतर वर्षातील बहुतेक काळ तेथे राहण्याचा ज्यांचा निश्चय आहे, वाडी स्वतः राखण्याची ज्यांना आवड आहे आणि रुग्णालयाचे अंतर ज्यांनी आधी मोजले आहे, त्यांना हा खर्च पचतो. गावात नाते असलेल्यांना तो अधिकच पचतो, कारण पावसाळ्यात गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असताना गळक्या छपराची खबर शेजारीच देतो. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने मात्र घर न बांधता केवळ निर्वेध जमीन घेतली, तर त्याचे गणित अधिक स्वच्छ राहते. आणि वर्षाला पंधरावीस दिवसच जाणार असलेल्याने सरळ भाड्याची जागा घ्यावी. समुद्र तोच असतो.

जागा पाहण्यासाठी लोक डिसेंबरात जातात, तेव्हा कोकण देखणे दिसते. खरे तर दोन फेऱ्या कराव्यात. पहिली मे महिन्याच्या अखेरीस, शेजारच्या विहिरीचे पाणी चाखण्यासाठी. दुसरी जुलै-ऑगस्टमधील अमावास्या वा पौर्णिमेच्या उधाणाला. या तिथींना भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. त्या वेळी छत्री धरून हद्दीच्या दगडापाशी उभे राहावे आणि गावातल्या एखाद्या वयस्कर कोळ्याला, त्याच्या लहानपणी पाणी कुठवर येत असे, ते विचारावे.