ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही! जुन्या गाडीतला हा लपंडाव कसा ओळखायचा?

समजा, तुम्ही बारा-तेरा वर्षं जुन्या गाडीने नाशिकहून मुंबईला निघालात. इगतपुरीपर्यंत सगळं व्यवस्थित. कसारा घाटाच्या उतारावर एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. घाबरून दोन-तीनदा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. अर्ध्या तासाने घाटाखालच्या गॅरेजमध्ये दाखवलं, तर मेकॅनिक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काही नाही साहेब, ब्रेक एकदम ओके आहेत."

खरी अडचण इथेच आहे. ब्रेक पूर्ण गेला तर गाडी कुणीच चालवत नाही. पण अधूनमधून दगा देणारा ब्रेक पुन्हा चांगला लागला, की आपण "तेव्हा काहीतरी झालं असेल" म्हणून विसरून जातो. मात्र ब्रेक असा आपोआप 'बरा' होत नाही. दोष तिथेच असतो, फक्त ठरावीक परिस्थितीत दिसतो. ती परिस्थिती कोणती, हे शोधणं म्हणजेच निदान.

आधी हे लिहून काढा

घटना घडली त्याच दिवशी मोबाईलमध्ये नोंद करा:

- पेडल कसं होतं? स्पंजसारखं मऊ, दगडासारखं कडक, की हळूहळू खाली जाणारं?
- पुन्हा पुन्हा दाबल्यावर ब्रेक लागला का?
- गाडी किती वेळ चालली होती? उतार होता का?
- पाऊस, साचलेलं पाणी किंवा नुकतंच केलेलं वॉशिंग?
- इंजिन चालू होतं का? डॅशबोर्डवर ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागला होता का?

"ब्रेक नीट लागत नाही" या एका वाक्यापेक्षा ही पाच उत्तरं मेकॅनिकला जास्त उपयोगी पडतात.

पेडल काय सांगतं?

१. लांब उतारानंतर मऊ, थंड झाल्यावर ठीक: पहिला संशय जुन्या ब्रेक ऑइलवर. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत.

घाटात उष्णता किती तयार होते? एक टन वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरताना फक्त ब्रेकवर रोखली, तर निघणाऱ्या उष्णतेत सुमारे ९ लिटर पाण्याला उकळी फुटेल. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि गॅरेजमध्ये सगळं "ओके" दिसतं. आपल्या कसारा घाटाच्या उदाहरणात हीच शक्यता सर्वात मोठी आहे.

पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर ऑइलऐवजी ब्रेक पॅड आणि शू तापलेले असतात.

२. कधीकधी दगडासारखं कडक: इथे संशय ब्रेक बूस्टरवर. पेट्रोल गाडीत बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम बहुधा इंजिनमधूनच मिळतो, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. पाइपला चीर, खराब व्हॉल्व्ह किंवा थकलेला पंप असेल, तर ब्रेकसाठी फार जोर लावावा लागतो. एप्रिल २०२३ मध्ये मारुती सुझुकीने याच व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषामुळे ७,२१३ बलेनो आरएस गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीसाठी असा रिकॉल आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून बघा.

३. सिग्नलला थांबल्यावर हळूहळू खाली जाणारं: ऑइलची पातळी कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर सील झिजलेले असू शकतात. जोरात दाबलं तर ब्रेक लागतो, हळू दाबलं तर ऑइल आतल्या आत मागे सरकतं. पातळी कमी होत असेल, तर बाहेर कुठेतरी गळती आहे. चाकांची आतली बाजू ओलसर आहे का ते बघा.

४. खड्ड्यांच्या रस्त्यानंतर पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा ठीक: सैल व्हील बेअरिंगमुळे डिस्क हलते आणि पॅड मागे ढकलले जातात. मागच्या ड्रम ब्रेकचं ॲडजस्टमेंट सैल असेल, तर मात्र प्रत्येक वेळी पहिलं पेडल खोल जातं.

५. अगदी कमी वेगात पेडल थरथरतं आणि गाडी पुढे सरकते: एबीएस असलेल्या जुन्या गाडीत चाकाजवळच्या सेन्सरवर गंज किंवा घाण साचली, की चुकीचा सिग्नल जातो आणि एबीएस विनाकारण काम करू लागतं.

घरी करता येणाऱ्या दोन चाचण्या

गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना दगड लावा.

*बूस्टर:* इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर व्हॅक्यूम तपासून घ्या.

*मास्टर सिलिंडर:* इंजिन चालू ठेवून पेडल हलक्या, एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते खाली खाली जात राहिलं तर गाडी रस्त्यावर काढू नका.

दोन्ही चाचण्यांत गाडी पास झाली म्हणजे ब्रेक सुरक्षित, असं नाही. उकळणारं ऑइल थंड गाडीत पकडता येत नाही. त्यासाठी ऑइलमधलं पाण्याचं प्रमाण टेस्टरने मोजावं लागतं किंवा सरळ सगळं ऑइल बदलावं लागतं. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावं आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरावा. त्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल पडलं तर रबर सील फुगतात.

चालत्या गाडीत ब्रेक लागला नाही तर?

- पेडल भराभर पंप करा.
- एकेक गिअर खाली आणा.
- हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही.
- हॅझर्ड लाइट लावा आणि हॉर्न वाजवत राहा.
- चावी काढू नका. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

सप्तशृंग गडाच्या नांदुरी घाटात किंवा कसाऱ्याला पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं, इंजिन बंद करणं ही सवय सर्वात धोकादायक. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो; इंजिन बंद केलं तर चार-दोनदा दाबल्यावर बूस्टरची मदतही संपते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि एकदा दगा दिलेला ब्रेक "आता ठीक आहे" म्हणून घरापर्यंत चालवत आणू नका. टोइंगचा खर्च परवडतो. नोंदी मेकॅनिकच्या हातात द्या आणि कारण सापडेपर्यंत गाडी उभीच ठेवा.