चापामागचा हिशेबनीस

नागोठणे, रोहा, पेण या पट्ट्यातल्या माणसाला लष्करी बंदूक जवळून दिसते ती बहुधा पोलिसाच्या खांद्यावर. मतदान केंद्राच्या दारात, नाहीतर विसर्जनाच्या बंदोबस्तात. वर्षानुवर्षे ती ‘थ्री नॉट थ्री’ होती, मग ‘एसएलआर’ (सेल्फ-लोडिंग रायफल) दिसू लागली. थ्री नॉट थ्रीत गोळी सुटली की बोल्ट हाताने वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, तेव्हा दुसरे काडतूस नळीत बसते. एसएलआरमध्ये हे सगळे बंदूक स्वतःच करते. शिपायाने फक्त चाप पुन्हा ओढायचा. हे काम बंदुकीकडून करून घेण्याची युक्ती 1880 च्या दशकात सापडली होती. आपल्या सैन्याच्या हाती तशी रायफल आली ती 1960 च्या दशकात. मधल्या ऐंशी वर्षांचे कारण म्हणून यंत्राच्या अडचणी सांगितल्या जातात. त्या होत्या, पण माझ्या मते मुख्य अडथळा वेगळा होता. शिपायाच्या बोटावर इतकी काडतुसे सोपवायला त्याचे वरिष्ठ तयार नव्हते.

आधी यंत्राची बाजू. हायरम मॅक्सिमने 1883 च्या सुमारास विंचेस्टर रायफलीच्या मागे बसणाऱ्या धक्क्यावर तिचीच पुढची गोळी भरून दाखवली. ऑस्ट्रियाच्या मानलिखरने 1885 मध्ये स्वयंभरण रायफलीचा आराखडा केला, तो मात्र काळ्या दारूच्या काजळीत अडकला. ही अडचण खरी होती आणि ती लवकरच सुटलीही: पॉल व्हिएय याने 1884 मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि नळीत साचणारी घाण एकदम कमी झाली. 1908 मध्ये मेक्सिकोने मोंद्रागोनची रायफल सैन्यासाठी स्वीकारली. यावर जाणकारांचा आक्षेप असा की या बंदुका चिखलात अडत, महाग पडत, आणि जुन्या काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली कड भरण-यंत्रात अडकून बसे. आक्षेप रास्त आहे. पण फ्रान्सने 1917 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, तशाच कडेच्या लेबेल काडतुसावर चालणारी स्वयंभरण रायफल काढली आणि 80 हजारांहून अधिक नग बनवले. ती जड होती, कुरकुरत होती, तरी बनली. म्हणजे गरज मनापासून पटली की कड आडवी येत नव्हती.

बाकीच्यांना ती का पटत नव्हती, हे बंदुकीचा एक लहानसा भाग सांगतो. ब्रिटिशांच्या ली-मेटफर्ड आणि सुरुवातीच्या ली-एनफिल्ड या थ्री नॉट थ्री रायफलींवर मॅगझिनच्या तोंडाशी एक सरकती पोलादी पट्टी असे. ती आत ढकलली की भरलेले मॅगझिन झाकले जाई आणि शिपायाला एकेक काडतूस हाताने घालून झाडावे लागे. मॅगझिन उघडायचे ते हुकूम झाल्यावरच. जलद झाडणारी बंदूक बनवायची आणि तिच्यावर झाकण बसवायचे, असा हा प्रकार. ही पट्टी महायुद्धाच्या धबडग्यात 1916 मध्ये गळली. अमेरिकेतही हिशेब यंत्राला भारी पडला. आरेखक गॅरंडची स्वयंभरण रायफल .276 च्या लहान काडतुसासाठी घडत आली होती आणि तिच्या क्लिपमध्ये दहा गोळ्या बसत. 1932 मध्ये लष्करप्रमुख मॅकआर्थर यांनी ते काडतूस नाकारले, कारण .30 चा मोठा साठा आधीच पडून होता. मग रायफल मोठ्या काडतुसासाठी बदलली, क्लिप आठ गोळ्यांवर आली आणि 1936 मध्ये ती सैन्यात दाखल झाली. कोठारातल्या पेट्यांनी बंदुकीचा आकार ठरवला.

हिंदुस्थानात या काटकसरीला संशयाची जोड होती. 1857 नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पायरी मागची शस्त्रे देण्याचे धोरण ठरले. एनफिल्डच्या नमुन्यावरच, पण नळीत आटे नसलेल्या बंदुका त्यांच्यासाठी बनल्या. आट्यांशिवाय गोळी फिरकी घेत नाही, म्हणून लांबचा नेम धरता येत नाही. पोलिसांसाठी तर इच्छापूरच्या रायफल कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्याच .410 मस्केट केल्या गेल्या: नळीतले आटे काढले, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, एका वेळी एक गोळी. यावर कोणी म्हणेल, पोलिसाच्या हातात हळू बंदूक असणे लोकांच्या हिताचेच नाही का? इतिहास तसे सांगत नाही. जालियनवाला बागेत 1919 मध्ये पन्नास शिपायांनी हाताने बोल्ट ओढूनच दहाएक मिनिटांत 1650 गोळ्या झाडल्या, आणि हा आकडाही पुढे आला तो काडतुसांच्या मोजदादीतून. आपल्याच जिल्ह्यात, चिरनेरला, 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होऊन आठ जण हुतात्मा झाले, तेव्हाही पोलिसांकडे स्वयंभरण शस्त्र नव्हते. हळू बंदूक देण्यामागे दया नव्हती. शिपाई उलटला तर काय, ही धास्ती होती.

एसएलआरची जन्मकथा बेल्जियमची. एर्स्टालच्या एफएन कारखान्यातल्या द्यूदोने सेव्हने ती आखली. महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडमध्ये आश्रयाला होता. नळीवरच्या बारीक भोकातून स्फोटाचा थोडा वायू वर निघतो, दट्ट्याला मागे हाणतो, बोल्टचे मागचे टोक उचलले जाऊन कुलूप सुटते, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि परतताना स्प्रिंग नवे काडतूस आत ढकलते. वायू किती घ्यायचा ते ठरवायला एक फिरती कडी आहे. धूळ-चिखलाने बंदूक जड चालू लागली की कडी आवळून वायू वाढवायचा. एफएनच्या मूळ नमुन्यात चाप दाबून धरला की गोळ्यांची सरबत्ती करण्याचीही सोय होती. ब्रिटिशांनी 1954 मध्ये हा नमुना घेतला तेव्हा ती काढून टाकली, आणि आपण तेच घेतले. जुन्या रायफलीची सरकती पट्टी बाहेरून दिसायची. इथे तोच हिशेबनीस चापाच्या पेटीत जाऊन बसला. आपल्या नमुन्यावर काम केले ते 1958 मध्ये खडकीत सुरू झालेल्या शस्त्र-संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या पाषाणच्या एआरडीईने. तिने परदेशी रायफली समोर ठेवून देशी नमुना उतरवला, इच्छापूरला तो घडू लागला. दस्त्याच्या टोकाला जुन्या एनफिल्डसारखे पितळी झाकण ठेवले. आत तेलाची कुपी आणि नळी पुसायची दोरी.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप 1962 चा. चीनशी लढताना आपले जवान हाताने बोल्ट ओढत होते, त्या धक्क्यातून एसएलआर आली, हिशेब-बिशेब काही नाही, असे म्हटले जाते. पण परदेशी नमुन्यांची चाचणी त्याआधीच चालू होती. युद्धाने बदलली ती खर्चाबद्दलची सरकारची तयारी. ती काडतुसांच्या कारखान्यांत दिसते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. त्याच्या जोडीला 1964 मध्ये भुसावळजवळ वरणगावचा नवा कारखाना उभा राहिला, आणि एसएलआरला लागणारे 7.62 चे काडतूस महाराष्ट्रातच मुबलक बनू लागले. मात्र पुरवठा आधी सैन्याला, मग निमलष्करी दलांना, पोलीस शेवटी. समोरच्यांना मात्र अशी रांग नव्हती. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्याच दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर तस्करांनी एके-56 उतरवल्या. 2008 मध्ये सीएसटी स्थानकावर एके घेऊन आलेल्या अतिरेक्यांपुढे रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान थ्री नॉट थ्री घेऊन उभा राहिला. गरीब देशाने काडतुसे जपून वापरावीत हे मला मान्य आहे. पण जपणूक नेहमी रांगेतल्या शेवटच्या शिपायाच्या वाट्यालाच का यावी, याचे उत्तर गरिबीत नाही. एआरडीईनेच पुढे घडवलेल्या इन्सास रायफलीतही एका दाबात तीन गोळ्या सुटतात आणि चाप थांबतो. काश्मीरमधल्या दहशतवादविरोधी तुकड्यांनी तिच्याऐवजी एके पसंत केली, आणि त्यांना ती मिळाली.