बोरघाट : नवी वाट आणि मागे राहिलेली गावे

रस्त्याचा इतिहास सांगताना तो कोणत्या गावांना जोडतो, हे आपण सांगतो. कोणाला बाजूला टाकून तो पुढे गेला, हे सांगावयाचे राहून जाते. ज्याला आपण सर्रास ‘बायपास’ म्हणतो, त्या वळणरस्त्याचा विचार करताना ही दुसरी बाजू पाहावीच लागते. मुंबई-पुण्यामधील बोरघाट हे तिचे चांगले उदाहरण आहे.

घाट चढून देशावर येणारी ही वाट प्राचीन. कार्ले-भाजे येथील लेणी याच व्यापारी मार्गाच्या आश्रयाने झाली. राजमाचीचा किल्ला तिच्यावर नजर ठेवून असे. पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी तळे आणि महादेवाचे देऊळ बांधले. चढ लागण्यापूर्वी माणसाला आणि बैलाला पाणी व विसावा हवा, ही जाण त्यामागे दिसते.

इंग्रजांनी प्रथम १८०४ साली तोफा नेण्यापुरती ही वाट सुधारली. पुढे १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाडीरस्ता खुला केला. त्यानंतर आगगाडी आली. १८५६ साली ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८५८ साली वर खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. तेवढी पाच वर्षे खोपोली हे मोठे उताराचे ठिकाण होते. १८६३ साली लोहमार्ग कर्जतच्या बाजूने घाट चढून गेला आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला उरली. गावावर कोणी अन्याय केला असे नाही. गाडी दुसरीकडून गेली, इतकेच!

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. पण घाटात जुनी आणि नवी वाहतूक एकाच पट्ट्यात येऊन अडू लागली. माल्कमच्या काळातील, पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेलेला पूल ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. खोपोलीपासून कुसगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा जो वळणमार्ग आखण्यात आला, त्यात दोन बोगदे आहेत. त्यांपैकी एक जवळजवळ ९ किलोमीटरचा. अंतर सुमारे ६ किलोमीटरांनी कमी व्हावे, असा हिशेब आहे.

हा मार्ग नको, असे कोण म्हणेल? दरड कोसळून अडकलेल्या गाडीत रुग्ण असेल, तर त्याच्या घरच्यांना बोगद्याची किंमत विचारावी. पण वाचलेल्या मिनिटांच्या जमेसमोर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली आणि त्याबद्दल त्याला प्राण गमवावे लागले, अशी आख्यायिका आहे. जाणारे-येणारे तेथे नाणे टाकतात. आख्यायिकेला कागदाचा आधार मागू नये. वाट दाखविणाऱ्याचे ऋण लोकांना वाटते, एवढे तिच्यातून खास कळते.

नानांच्या तळ्याला वाटसरू लागतो आणि शिंगरोबाला नाणे टाकणारा हात. म्हणून नवी वाट आखणाऱ्याने जुन्या वाटेच्या डागडुजीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. बाजूला पडलेल्या गावाला निदान रस्ता तरी धड असावा, एवढे मागणे फार नव्हे.